ग्रंथ कोणाचा, प्रत कोणाची?

मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी कसारा घाट चढते तेव्हा तिला मागून जादा इंजिने लावलेली असतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. ही इंजिने इगतपुरीला सुटी करतात. पूर्वी मुंबईकडच्या मार्गावर एका प्रकारची वीज होती आणि इगतपुरीच्या पुढे दुसऱ्या प्रकारची, त्यामुळे इथे मुख्य इंजिनही बदलावे लागे. गाडी तीच, डबे तेच, प्रवासीही तेच, पण ओढणारे इंजिन निराळे. १८६५ साली या घाटातून लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून इगतपुरीची ओळख अशी रेल्वेचे गाव म्हणून आहे.

याच गावात, स्टेशनापासून फार दूर नसलेल्या टेकडीच्या पायथ्याशी, १९७६ साली धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झाले. सत्यनारायण गोयंका हे त्याचे संस्थापक. त्यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला झाला आणि १९६९ मध्ये ते भारतात आले. १९८५ मध्ये केंद्राच्या जोडीने 'विपश्यना विशोधन विन्यास' ही संशोधनसंस्था स्थापन झाली. ध्यानासाठी इथे येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आम्हाला मात्र या लेखात ध्यानाविषयी लिहायचे नाही. या संस्थेने केलेल्या दुसऱ्या एका कामाकडे शिक्षकांचे लक्ष वेधायचे आहे. संपूर्ण पाली तिपिटक, त्यावरच्या अट्ठकथा आणि टीका यांचा पाठ इथे संगणकावर उतरवण्यात आला. त्याचे देवनागरीतले शंभराहून अधिक खंड छापले गेले आणि १९९७ मध्ये तो सगळा मजकूर एका सीडीवर आला. खंड आणि सीडी दोन्ही विनामूल्य वाटण्यासाठी होते.

इथे एक साधा प्रश्न मनात येतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या वचनांचा मालक कोण? मालकच नसेल, तर त्यांची प्रत कोणीही काढावी काय? आणि ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ती प्रत शुद्ध केली, त्यांचा तिच्यावर काही हक्क आहे की नाही? प्रश्न पालीच्या ग्रंथांचा दिसतो, पण तो आपल्या शाळेच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचतो. कसा, ते क्रमाने पाहू.

एकाच डोक्यातली प्रत

बुद्धाची वचने आरंभी लिहिलेली नव्हती. ती भिक्षूंच्या पाठांतरात होती. पाठांतर हे कच्चे साधन आहे असे आपल्याला वाटते, पण त्यात एक पक्की युक्ती होती. भिक्षू एकत्र बसून म्हणत. 'संगायन' या शब्दाचा अर्थच एकत्र गाणे. वर्गात चाळीस मुले एका सुरात पाढा म्हणत असतील आणि एकाने 'सात आठे चोपन्न' म्हटले, तर ती चूक इतरांच्या आवाजात बुडते आणि चुकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. चूक सगळ्यांकडून एकाच जागी, एकाच वेळी होण्याची शक्यता फार थोडी. आजचा संगणकतज्ज्ञ माहितीतल्या चुका शोधण्यासाठी जे तत्त्व वापरतो, त्याच तत्त्वाचे हे जुने रूप आहे.

मात्र या पद्धतीला पुष्कळ माणसे लागतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दुष्काळ आणि लढायांनी भिक्षुसंघ विस्कळीत झाला. अट्ठकथेत त्या काळची एक गोष्ट सांगितली आहे. 'महानिद्देस' हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्षू उरला होता आणि त्याचे वर्तन चांगले नव्हते. तरीही मन घट्ट करून दुसऱ्या एका भिक्षूला त्याच्यापाशी जाऊन तो ग्रंथ शिकावा लागला. तो एक माणूस दगावला असता तर ग्रंथ संपला असता. राजा वट्टगामणीच्या काळात अलुविहार इथे तिपिटक ताडपत्रांवर लिहून काढले गेले, त्यामागे असलीच धास्ती होती.

ताडपत्रालाही आयुष्य असते. दमट, उष्ण हवेत वाळवी, बुरशी आणि कसर त्याला फार काळ टिकू देत नाहीत. आज हाती असलेली बहुतेक पाली हस्तलिखिते गेल्या पाच-सहाशे वर्षांतली आहेत. मग त्याआधीचा मजकूर आपल्यापर्यंत कसा आला? कोणीतरी दर पिढी-दोन पिढ्यांनी नवी प्रत काढत राहिले म्हणून. जुनी पाने गेली आणि मजकूर पुढे आला. इगतपुरीला इंजिन बदलावे, तसा प्रकार.

दगड, सोने आणि छापखाना

ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवायचा प्रयत्न केला. मंडालेला कुथोडाव पॅगोडाच्या आवारात त्याने संपूर्ण तिपिटक संगमरवरावर कोरून घेतले. १८६० ते १८६८ या काळात ७२९ शिळा तयार झाल्या, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या. अक्षरांत सोनेरी शाई भरली होती. १८७१ मध्ये मंडालेला पाचवी संगीती भरली. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि पुढच्या काळात अक्षरांतले सोने व सजावटीची रत्ने नाहीशी झाली. मजकूर तेवढा उरला. लुटणाऱ्यांना मजकुराचा काही उपयोग नव्हता!

सयामचा राजा चुलालोंगकोर्ण याने दगडाऐवजी छापखाना निवडला. १८९३ मध्ये त्याने थाई लिपीत ३९ खंड छापून ते जगभरातल्या ग्रंथालयांना भेट पाठवले. सोन्याची एक प्रत एका जागी ठेवावी की कागदाच्या शेकडो प्रती शेकडो जागी, या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर होते. आज ग्रंथपालांच्या मते दुसरे उत्तर अधिक शहाणपणाचे आहे. एका ठिकाणी आग लागली, पूर आला, लूट झाली, तरी दुसरीकडे प्रत राहते.

ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर यांगोनला १९५४ ते १९५६ या काळात सहावी संगीती भरली. अनेक देशांतल्या प्रती समोर ठेवून पाठ तपासला गेला. तिच्यात मिंगून सयाडो या भिक्षूंनी तिपिटकातल्या प्रश्नांची उत्तरे मुखोद्गत दिली. १६,००० पाने पाठ म्हणून दाखवल्याबद्दल पुढे त्यांचे नाव गिनेस बुकात गेले. इगतपुरीला जो पाठ संगणकावर उतरवला, तो या सहाव्या संगीतीचा.

प्रत काढण्याचा हक्क

या साऱ्या हकिकतीत प्रत काढणे हे पुण्यकर्म आहे. मग प्रत काढणे हा गुन्हा कधीपासून झाला?

छापखाना आल्यावर. हाताने एक प्रत लिहायला महिने लागत, तोवर कोणाचे नुकसान होण्याचा प्रश्न नव्हता. छापखान्यात एकाने पैसे घालून पुस्तक काढले, की दुसरा तेच पुस्तक खिळे जुळवून स्वस्तात काढू शकतो. मग पहिल्याने पुन्हा पैसे का घालावेत? इंग्लंडमध्ये १७१० साली यासाठी कायदा झाला. त्याने नव्या पुस्तकाच्या लेखकाला १४ वर्षांचा हक्क दिला आणि ती मुदत संपताना लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षांचा. हक्काला मुदत होती, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. मुदत संपली की पुस्तक सर्वांचे.

आपल्याकडे कंपनी सरकारने १८४७ मध्ये असा कायदा केला. पुढे १९१४ चा आणि स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा आला. मराठीत या हक्काला 'प्रताधिकार' हा नेमका शब्द आहे. १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षे अशी मुदत होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ चे, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता. तेव्हा १९९२ मध्ये कायदा बदलून मुदत ६० वर्षे करण्यात आली. आज तीच चालू आहे.

या हिशेबाने बुद्धवचनांवर कोणाचाच प्रताधिकार नाही. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ग्रंथांवरही नाही. पण आपण जे पुस्तक हातात धरतो, ते बुद्धघोषाने लिहिलेले पान नसते. कोणीतरी पाच हस्तलिखिते जमवलेली असतात, अक्षरे लावलेली असतात, कुठला पाठ खरा ते ठरवलेले असते, विरामचिन्हे घातलेली असतात, परिच्छेदांना क्रमांक दिलेले असतात. या श्रमाचा धनी कोण? तंटा उभा राहतो तो इथे. अशा तंट्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच एका माणसाचे आहे.

कोसंबी आणि हार्वर्ड

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ मध्ये गोव्यात सांखवाळ इथे झाला. पाली शिकण्यासाठी घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ असे फिरत शेवटी सिंहलद्वीपात पोहोचले. १९०२ मध्ये तिथे त्यांनी दीक्षा घेतली. नंतर ब्रह्मदेशात राहिले. सिंहली आणि ब्रह्मी लिपीतले पाली ग्रंथ सहज वाचू शकणारा असा दुसरा भारतीय त्या काळी क्वचितच आढळला असता. ही सगळी वणवण त्यांनी 'निवेदन' या आत्मवृत्तात सांगितली आहे. शाळेच्या ग्रंथालयात ते पुस्तक जरूर असावे.

तिकडे अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या खटपटीने कोसंबींना हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. १९१० मध्ये ते तिकडे गेले. ग्रंथमालेचे संपादक होते चार्ल्स लॅनमन, वॉरन यांचे गुरू आणि स्नेही.

काम पुढे सरकले आणि मग प्रश्न आला, ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर कोसंबींच्या कामाचा उल्लेख कसा करायचा? संपादक म्हणून की नुसता साहाय्यक म्हणून? यावरून लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले. १९१२ मध्ये कोसंबी काम सोडून परत आले आणि पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, चार वर्षे राहिले, तरी ग्रंथ निघाला नाही. लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२६ मध्ये वुड्स यांनी त्यांना पुन्हा बोलावले आणि तेव्हा कुठे संहिता पूर्ण झाली. तीही लगेच छापली गेली नाही. हार्वर्ड ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून ती बाहेर पडली १९५० मध्ये. शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि आवृत्ती सुधारणारे म्हणून धर्मानंद कोसंबींचे नाव आहे. ते पाहायला कोसंबी नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले होते.

दरम्यान त्यांनी हात बांधून घेतले नव्हते. १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ती काढली. भारतीय विद्यार्थ्याच्या हाती हा ग्रंथ त्याच्या ओळखीच्या लिपीत पडला तो असा.

या हकिकतीत खलनायक शोधण्याचे कारण नाही. लॅनमन यांना अकाली गेलेल्या मित्राचे श्रम झाकले जाऊ नयेत असे वाटले असेल, तर ते गैर म्हणता येणार नाही. कोसंबींनाही पैसा नको होता, केलेल्या कामाला खरे नाव हवे होते. नुकसान झाले ते वाचकाचे. सुमारे चाळीस वर्षे ग्रंथ अडला. श्रेयाचा प्रश्न कामाच्या आरंभी लेखी ठरवला नाही, की ग्रंथ किती अडकतो याचे हे उदाहरण आहे.

नाव लावण्याच्या या हक्काला कायद्यात आता स्वतंत्र जागा आहे. १९५७ च्या कायद्याचे कलम ५७ सांगते की लेखकाने प्रताधिकार विकला तरी आपले नाव लावून घेण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी मोठे भित्तिशिल्प केले होते. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकले गेले आणि त्याची नासधूस झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला आणि उरलेले शिल्प त्यांना परत करायला लावले. वस्तू सरकारने विकत घेतली होती, तरी ती नासवण्याची मुभा सरकारला नव्हती. कलाकृतीचे जतन आणि कलावंताचा हक्क या दोन गोष्टी इथे एकत्र आल्या.

तुकडे जोडणाऱ्याचा हक्क

जुन्या ग्रंथाच्या पाठावरचा सर्वांत गाजलेला खटला इस्राएलमधला आहे. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून पुढे हिब्रू गुंडाळ्या सापडल्या. त्यांतल्या एका लेखाचे साठ-सत्तर तुकडे होते. एलिशा किमरॉन या अभ्यासकाने ते जुळवून, मधल्या गाळलेल्या जागा भाषाशास्त्राच्या आधाराने भरून, सुमारे १२० ओळींचा सलग पाठ तयार केला. याला त्याची अकरा वर्षे गेली. तो छापण्यापूर्वीच १९९१ मध्ये हर्शेल शँक्स यांनी तो आपल्या ग्रंथात छापून टाकला, किमरॉनचे नाव न देता. किमरॉन न्यायालयात गेला. १९९३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २००० मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूळ तुकडे कोणाचेच नाहीत, पण ते जोडून उभा केलेला पाठ किमरॉनचा आहे.

हा निकाल वाचून किमरॉनची बाजू पटते. पण शँक्स यांचीही एक बाजू होती. त्या गुंडाळ्या मूठभर विद्वानांनी चाळीस वर्षे स्वतःकडे ठेवल्या होत्या आणि इतर अभ्यासकांना त्या पाहायलाही मिळत नव्हत्या. शिवाय गाळलेला शब्द शोधणारा संशोधक 'हा मूळचाच शब्द आहे' असे म्हणत असतो. मग तो त्याचा स्वतःचा कसा? विद्यार्थ्यांत वादविवाद घडवण्यासाठी यापेक्षा चांगला विषय मिळणे कठीण.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. न्यायनिवाडे हे सार्वजनिक असतात, त्यांवर प्रकाशकाचा प्रताधिकार नसतो. ईस्टर्न बुक कंपनी ते संपादित करून छापत असे. दुसऱ्यांनी तोच मजकूर सीडीवर घातला. डिसेंबर २००७ मध्ये निकाल झाला. मूळ निवाडा कोणीही छापावा, मुद्रणदोष सुधारण्याच्या नुसत्या कष्टाने हक्क मिळत नाही. मात्र परिच्छेद पाडणे, त्यांना क्रमांक देणे, न्यायमूर्तींचे मतैक्य वा मतभेद कुठे ते दाखवणे यात थोडी का होईना, स्वतःची बुद्धी लागते. तेवढ्यापुरता प्रकाशकाचा हक्क राहतो.

बारा सेंटीमीटरची तबकडी

आता पुन्हा इगतपुरीला येऊ. मंडालेच्या ७२९ शिळांवर जे मावले, त्याहून कितीतरी अधिक मजकूर १२ सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीवर मावला. १९९९ पर्यंत तो देवनागरीखेरीज रोमन, सिंहली, थाई, ब्रह्मी अशा लिप्यांतही वाचता येऊ लागला. पाठ एकदाच टंकायचा आणि लिपी यंत्राने बदलायची. कोसंबींना एकेक लिपी शिकायला देशोदेशी फिरावे लागले होते.

पण संगणकावर मजकूर चढवताना चुका होतातच. त्या पकडण्याचा एक प्रसिद्ध उपाय वर्गात करून दाखवण्याजोगा आहे. तोच मजकूर दोन माणसांनी वेगवेगळा टंकायचा आणि दोन्ही प्रती यंत्राने ताडून पाहायच्या. समजा, मजकूर दहा लाख अक्षरांचा आहे आणि प्रत्येक टंकलेखक हजारात एक अक्षर चुकतो. एकट्याच्या प्रतीत सुमारे १,००० चुका राहतील. दोघांच्या चुका एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोघे एकाच अक्षरावर चुकण्याची शक्यता १/१००० गुणिले १/१०००, म्हणजे दहा लाखांत एक. सगळ्या ग्रंथात अशी एखादीच जागा. बाकीच्या ठिकाणी दोन प्रतींत फरक दिसतो आणि मूळ प्रत पाहून तो सुधारता येतो.

'चुका एकमेकांवर अवलंबून नसतील तर' ही अट मात्र विसरू नये. मूळ कागदावर 'घ' आणि 'ध', किंवा 'भ' आणि 'म' सारखेच दिसत असतील, तर दोघेही तिथेच फसतील. मूळ प्रतच चुकली असेल, तर दोघे ती चूक इमानाने उतरवतील. म्हणूनच जुने संपादक ब्रह्मी आणि सिंहली अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या प्रती समोर ठेवत. एका लिपीत फसवणारी अक्षरे दुसरीत फसवत नाहीत. दोन वर्गांत पाच-पाच विद्यार्थ्यांकडून एकच उतारा साखळीने उतरवून घ्या आणि शेवटच्या दोन प्रती ताडून पाहा. मूळ उतारा न पाहता तो पुन्हा उभा करता येतो का, हे मुलांनाच शोधू द्या. ग्रंथांच्या वंशावळीची आणि जीवशास्त्रातल्या वंशावळीची युक्ती किती सारखी आहे, तेही त्यांच्या ध्यानात येईल.

सीडीनेही प्रश्न कायमचा सुटला नाही. १९९७ ची सीडी वाचायची तर तसा ड्राइव्ह हवा. आज नव्या संगणकांत तो सहसा नसतो. त्या काळी देवनागरीसाठी जो तो आपापला फाँट वापरी. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. यावर 'युनिकोड' हा उपाय निघाला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, फाँट कोणताही असो. इगतपुरीचा मजकूर पुढे युनिकोडमध्ये आणि इंटरनेटवर आला, आणि विनामूल्य आला, म्हणून तो आज देशोदेशीच्या अभ्यासकांच्या संगणकांवर आहे. सीडीवरच कुलूप लावून ठेवला असता, तर पंचवीस वर्षांतच ताडपत्रांची गत झाली असती.

याचा अर्थ प्रताधिकार ही वाईट गोष्ट, असा घेऊ नये. इगतपुरीचे काम देणग्यांवर आणि सेवाभावी श्रमांवर चालले. प्रत्येक लेखकाला आणि प्रकाशकाला असा आधार नसतो. लिहिणाऱ्याचे पोट त्याच्या लेखणीवर असेल, तर त्याला काही काळ हक्क हवाच. तो काळ संपेपर्यंत कृती टिकून राहील याची तजवीज कोणी करायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो मालकावर सोपवून भागत नाही.

आपले कपाट

हे शिक्षकांना कशासाठी सांगायचे? कायद्याने त्यांना काही मोकळीक दिली आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत काढली, तर तो प्रताधिकाराचा भंग होत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. तिथे प्राध्यापकांनी नेमलेल्या उताऱ्यांचे संच करून मिळत. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, शिकवण्यासाठी आवश्यक तेवढ्या प्रती काढण्यास या कलमाचे संरक्षण आहे असे ठरवले. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत करून ठेवू शकते.

पण कायद्याने दिलेली मोकळीक कोणी वापरली तरच उपयोगाची. आपल्या शाळांत हस्तलिखिताची जुनी प्रथा आहे. मुलांनी लेख, कविता, चित्रे करायची, सुंदर अक्षराच्या विद्यार्थ्याने ती उतरवायची, शिक्षकांनी संपादन करायचे आणि गॅदरिंगला त्याचे प्रकाशन करायचे. मग ते कपाटात जाते. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांत जाते. हस्तलिखिताची कुठेच जात नाही. त्याची जगात एकच प्रत असते. 'महानिद्देसा'ची त्या एका भिक्षूपाशी होती, तशी. इगतपुरी, घोटी, त्र्यंबक या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या कपाटाचे काय होते ते सांगायला नको.

म्हणून आमची सूचना अशी. या वर्षी शाळेतली जुनी हस्तलिखिते बाहेर काढा. कोरड्या दिवशी, हात धुऊन, सावलीत त्यांचे पानन्‌पान छायाचित्रित करा. एक संच शाळेत, एक गावाच्या वाचनालयात आणि एक परगावी ठेवा. दर चार-पाच वर्षांनी तो उघडतो का ते पाहा आणि नव्या साधनावर उतरवा. प्रत्येक लेखाखाली, चित्राखाली आणि अक्षर काढणाऱ्याचे, सर्वांची नावे नोंदवा. कविता आठवीतल्या मुलीची असली, तरी प्रताधिकार तिचाच आहे, शाळेचा नाही. छापायची झाली तर तिला, ती लहान असेल तर तिच्या पालकांनाही विचारा. त्यांतले काही लेखक आज पन्नाशी-साठीचे असतील. त्यांना पत्र पाठवले, तर परवानगीबरोबर त्या वर्षाच्या आठवणीही मिळतील.

कोसंबींच्या निधनाला ६० वर्षे झाली आणि १ जानेवारी २००८ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मराठी लेखन सर्वांसाठी खुले झाले. आता ते कोणीही छापू शकतो, उतरवू शकतो, वाटू शकतो. कोणाची परवानगी लागत नाही. त्यांचे नाव मात्र लावायचे.